डोळ्यांतली वाळू

दादाला आयुष्यात दोनच गोष्टी धड जमल्या होत्या: लोखंडाला लोखंड जोडणं आणि धाकट्या भावावर ओरडणं. यातली दुसरी गोष्ट तो जास्त मन लावून करायचा. भाऊही असा वस्ताद की ओरडणं संपेपर्यंत मान खाली घालून उभा राहायचा आणि मग शांतपणे म्हणायचा, "झालं? आता वरचा कोपरा बघ, उजवीकडे झुकलाय."

कोपरा झुकलेला असायचाच. दादा शिव्या घालत काटकोनाची लोखंडी पट्टी आणायचा, लावून बघायचा आणि पुन्हा शिव्या घालायचा. त्या पट्टीला कारागीर गुण्या म्हणतात. भावाला ती कधीच लागली नाही, त्याच्या डोळ्यातच ती होती, म्हणून सगळं वर्कशॉप त्यालाच गुण्या म्हणायचं. घरीही तेच नाव चिकटलं. लग्नानंतर त्याच्या बायकोनं चार दिवस नाक मुरडलं आणि पाचव्या दिवशी तीही त्याच नावानं हाका मारू लागली.

दोघे भाऊ मिळून फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे बनवायचे. कामाची वाटणी ठरलेली होती. गुण्या गुडघ्यावर बसून जमिनीवर खडूनं नक्षी काढायचा, जेवढं फाटक तेवढीच, पुऱ्या मापात. वेली, वळसे, पाकळ्या, सगळं हातानं. मग दादा लोखंडी पट्ट्या तापवून वाकवायचा, त्या खडूच्या रेषेवर ठेवायचा आणि डोळ्यांपुढे काळ्या काचेचा मुखवटा धरून एकेक सांधा जोडायचा. दादाला स्वतःला रेष काढता येत नसे. एकदा गुण्या गावाला गेला असताना त्यानं हौसेनं एक वेल काढली होती. ती बघून गिऱ्हाईक म्हणालं होतं, हा साप छान आलाय. गुण्यानं हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं पुरवून पुरवून सांगितला.

मग गुण्याला रक्ताचा कॅन्सर झाला.

त्या दिवसांबद्दल घरात कुणी फारसं बोलत नाही, आपणही नको बोलूया. एवढंच सांगायचं की औषधांनी हात टेकले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता दुसऱ्या कुणाच्या तरी मूळपेशी त्याच्या अंगात घालाव्या लागतील, म्हणजे त्या नवं रक्त तयार करतील. जुळायला मात्र हव्यात. दादाच्या तपासल्या आणि त्या तंतोतंत जुळल्या. दादाला झालेला आनंद काय सांगावा! जणू परीक्षेत पहिला आला होता. दोन्ही हातांत नळ्या घालून तो यंत्राशेजारी पडून राहिला, रक्त एका नळीनं बाहेर जात होतं, पेशी गाळून घेतल्या की दुसरीनं परत येत होतं, आणि हा परिचारिकेला सांगत होता, "हवं तेवढं घ्या हो. कमी पडायला नको. तो लहानपणापासून अशक्तच आहे."

पेशी रुजल्या. कॅन्सर गेला. गुण्याचा रक्तगट बदलून दादाचा झाला. ही गोष्ट दोघांना इतकी गमतीची वाटली की महिनोनमहिने तीच चालू होती.

"आता तुझा रागही येणार का रे माझ्यात?" गुण्या विचारायचा.

"राग येऊ दे नाहीतर न येऊ दे, थोडी अक्कल येईल."

"मग रेषा बिघडायच्या माझ्या."

घर पुन्हा हसायला लागलं होतं. जीव भांड्यात पडला होता सगळ्यांचा. आणि तेव्हाच, एका साध्या सकाळी, गुण्याला डोळे उघडता येईनात. पापण्या आतून चिकटल्या होत्या. ओल्या फडक्यानं सोडवल्या तेव्हा त्यानं एकदा खिडकीकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आपल्या डोळ्यांत कुणीतरी मूठभर वाळू टाकलीय, असं म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या पण बोलायला सरळ होत्या. गुण्याच्या पापणीखाली कागदाची बारीक पट्टी अडकवून त्या थांबल्या, मग ती काढून त्यांनी दाखवली. कागद कोरडा ठणठणीत होता. "डोळ्यांत पाणीच तयार होत नाहीये," त्या म्हणाल्या. "बाहेरून आलेल्या पेशींना हे शरीर परकं वाटतं. त्या अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करताहेत. अशा रुग्णांमध्ये हे बऱ्याच जणांना होतं."

"बाहेरून आलेल्या म्हणजे माझ्या?" दादानं विचारलं.

"हो. पण त्यात तुमचा काहीच दोष नाही. ह्याच पेशींनी त्यांचा कॅन्सर मारलाय, हे विसरू नका."

दादानं पहिला शब्द ऐकला, पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही. ज्याला आपण वाचवलं त्याला आपलंच रक्त आतून खातंय, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. त्याच्या बायकोनं समजावलं, गुण्यानं थट्टा करून बघितली, "बघ, माझ्यावर ओरडायची सवय तुझ्या पेशींनापण आहे," तरी दादा हसला नाही.

उपाय सुरू झाले. दर तासाला कृत्रिम अश्रूंचे थेंब. मलम. सूज उतरवायची औषधं. डोळ्यांतलं पाणी नाकाकडे वाहून जायला पापणीच्या कडेला बारीक छिद्रं असतात, तीही बाईंनी बारीकशा खुंट्या घालून बुजवली, आहे तो ओलावा तरी टिकावा म्हणून. दादा म्हणाला, "नळाला पाणी नाही आणि मोरीला बूच मारून काय होणार?" मग गुण्याचंच रक्त काढून त्यातल्या निवळीचे थेंब बनवले. त्या छोट्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्यात राहायच्या, वापरातली तेवढी खाली दारात. गुण्याची बायको डोळ्यांत तेल घालून त्या बाटल्या सांभाळायची.

थोडा आराम पडायचा, पण थोडाच. तेव्हा बाईंनी शेवटचा आणि चांगला उपाय सांगितला. एक मोठं, कडक भिंग असतं, खोलगट. त्यात औषधी पाणी भरून ते डोळ्यावर बसवायचं, म्हणजे बुबुळ दिवसभर पाण्यात राहतं. हे भिंग डोळ्याच्या मापानं बनवून घ्यावं लागतं. मापं घेतली गेली. "यायला वेळ लागेल," बाई म्हणाल्या, "पण ह्यानं पुष्कळ फरक पडतो. माझे असे रुग्ण पुन्हा कामाला लागलेत. तोवर फक्त डोळे जपा. जखम होऊ द्यायची नाही."

जपा म्हणणं सोपं असतं. गुण्याला घरात पडून राहणं जिवावर यायचं. तो काळा चष्मा लावून, वर टोपी ओढून वर्कशॉपात यायचा आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचा. ग्राइंडरचा आवाज ऐकून कुठली पट्टी कापतायत ते ओळखायचा. खडूचं खोकं त्यानं मांडीवर घेतलेलं असायचं. कधीतरी राहवायचं नाही, मग तो खाली बसून एखादी रेष ओढायचा. अर्ध्यावर हात थांबायचा. चष्मा काढून तो मनगटानं डोळे दाबून धरायचा आणि कपाळ भिंतीला टेकायचा. दादा मुखवट्याच्या कडेवरून हे सगळं बघायचा आणि त्या दिवशी सांधे वाईट यायचे.

अशाच एका दुपारी त्यानं मुखवटा बाजूला ठेवला आणि भावाशेजारी उकिडवा बसला.

"नक्की कसं होतंय रे?"

"आपल्याला वेल्डिंग लागल्यावर होतं ना, तसंच," गुण्या भिंतीला टेकूनच म्हणाला. "सेम तसंच. फक्त सकाळ होत नाही."

आता हे वेल्डिंग लागणं काय असतं ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. उघड्या डोळ्यांनी त्या निळ्या झोताकडे बघितलं, मुखवटा जरा उशिरा खाली आला, तर तेव्हा काही कळत नाही. संध्याकाळ झाली की डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी होते, पाणी थांबत नाही, दिव्याकडे बघवत नाही, मोठा माणूस उशीत तोंड खुपसून पोरासारखा रडतो. ह्या धंद्यात असा एक हात नाही ज्याला हे माहीत नाही. आणि प्रत्येक वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये, खिळे आणि तुटक्या टेपांच्या मधे, ह्यावरची एक छोटी बाटली असते. डोळा बधिर करायचे थेंब. औषधवाला ओळखीचा असला की देतो. दोन थेंब टाकायचे, गार फडकं ठेवायचं, झोपायचं. सकाळी माणूस पुन्हा कामावर हजर. दादाला ह्या बाटलीनं किती वेळा तारलं होतं त्याची गणती नव्हती. एकदा तर गुण्याच्याच डोळ्यांत त्यानं स्वतःच्या हातानं थेंब टाकले होते, तेव्हा गुण्याला नुकती मिसरूड फुटली होती आणि तो ठार आंधळा झालो म्हणून बोंबलत होता.

दादा उठला आणि त्यानं ड्रॉवर ओढला.

बाटली बघून गुण्या म्हणाला, "बाईंना विचारायला हवं."

"बाईंना कधी वेल्डिंग लागलंय?" दादा म्हणाला. "वर बघ."

गुण्यानं वर बघितलं.

मग जे झालं ते दादा कधी विसरणार नव्हता. आधी गुण्याचा जबडा सैल पडला, मग खांदे खाली आले. त्यानं हळूच डोळे उघडले. पूर्ण उघडले. वर्कशॉपभर नजर फिरवली, छताच्या पत्र्यापासून पायाखालच्या लोखंडी भुशापर्यंत, आणि मग दादाच्या तोंडाकडे नीट बघत म्हणाला, "अरे, केवढा म्हातारा झालास तू!"

दादाला हसू फुटलं. तो हसला आणि लगेच पाठ फिरवून उगाचच चिमटे जागेवर लावू लागला.

त्या दुपारी गुण्यानं एक फाटक काढलं. मधोमध एक झाड, त्याच्या फांद्या दोन्ही झडपांवर पसरलेल्या, झडपा मिटल्या की फांदीला फांदी जुळेल अशा. इतकी सुंदर नक्षी त्यानं आजारपणाच्या आधीही कधी काढली नव्हती. जाताना त्यानं बाटली खिशात घातली, आणि दादानं त्याला अडवलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यानं औषधवाल्याकडून आणखी आणून ठेवल्या.

पुढचे काही आठवडे घरात सण असल्यासारखे गेले. गुण्या रोज कामावर येत होता. बाईंचे थेंब तो टाकायचा, पण दुखलं की ह्या बाटलीचेही टाकायचा, आणि ह्या बाटलीचा असर उतरला की दुखायचंच. आधी दिवसातून एकदा, मग दर थोड्या वेळानं. एका बाटलीच्या चार झाल्या. बायकोला त्यानं सांगितलं नाही, कारण ती बाईंना सांगितल्याशिवाय राहिली नसती. दादानं बायकोला सांगितलं नाही, कारण तिनं जावेला सांगितलं असतं. दोघे भाऊ लहानपणी चोरून विडी ओढायचे तशी ती गोष्ट त्यांनी आपसात ठेवली, आणि खरं सांगायचं तर त्यात दादाला एक सुखही होतं. माझ्या रक्तानं केलंय ते मी निस्तरलं, असं त्याला वाटत होतं. बाईंच्या इतक्या औषधांनी जे झालं नाही ते आपल्या ड्रॉवरनं केलं.

"जरा धुरकट दिसतंय," एकदा गुण्या म्हणाला.

"दुखतंय का?"

"दुखत नाही. अजिबात नाही."

"मग झालं तर. बरं होताना होतं तसं."

दादाच्या सगळ्या आयुष्यात दुखणं थांबणं आणि बरं होणं ही एकच गोष्ट होती. भाजलं, कापलं, वेल्डिंग लागलं, दुखायचं थांबलं की माणूस बरा. त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं.

झाडाचं फाटक पुरं झालं तेव्हा गुण्यानं ते उभं करून बघितलं. बराच वेळ बघितलं. "छान आलंय," म्हणाला. दादा वाट बघत थांबला. उजवी झडप खालच्या बिजागरीला जरा बसली होती, ते दादालासुद्धा दिसत होतं. गुण्या त्यावर काहीच बोलला नाही. दादानं मुकाट्यानं झडप सरळ केली. त्याच्या मनात काहीतरी चमकून गेलं होतं, पण त्यानं ते तिथंच दाबलं.

भिंग आल्याचा निरोप आला. तिघं मिळून गेली, गुण्या, त्याची बायको आणि दादा. गुण्याच्या बायकोनं वाटेतच सांगून टाकलं होतं, आज परतताना चष्म्याशिवाय चालायचं, सगळ्यांना दिसू दे. बाईंनी टेबलावर दोन डब्या ठेवल्या, उघडून दाखवल्या. भिंगं खरंच मोठी होती, स्वच्छ, काठापर्यंत गुळगुळीत. दादाला एक कारागीर म्हणून कौतुक वाटलं. मग बाईंनी गुण्याची हनुवटी यंत्रावर टेकवली आणि दिवा त्याच्या उजव्या डोळ्यावर आणला.

त्या बघत राहिल्या. दिवा डाव्या डोळ्यावर नेला, परत उजव्यावर आणला. कापसाचा एक बारीक धागा ओढून त्याच्या टोकानं त्यांनी बुबुळाला स्पर्श केला. गुण्याची पापणी हललीसुद्धा नाही.

"तुम्हाला दुखत कसं नाहीये?" बाई म्हणाल्या.

त्यांनी दिवा आणखी जवळ आणला.

"बुबुळ विरघळत चाललंय. दोन्हीकडे. उजव्याला भोक पडायच्या बेतात आहे. ह्या अवस्थेत माणसाला एका जागी बसवत नाही. मी दिलेल्याशिवाय दुसरं काही घालता का डोळ्यांत?"

"नाही," गुण्या म्हणाला.

त्याची बायको म्हणाली, "नाही हो, मी स्वतः बघते ना."

दादाचा हात खिशात होता. वाटेत दुखलं तर म्हणून घेतलेली बाटली बोटांना लागत होती. भाऊ आपल्यासाठी खोटं बोललाय, हे त्याला कळलं, आणि एका क्षणासाठी, एकाच क्षणासाठी, त्याला बरं वाटलं. पुढे ह्या सगळ्यातलं त्याला सर्वांत जास्त काय टोचत राहिलं असेल, तर ते बरं वाटणं.

"मला खरं कळायला हवं," बाई म्हणाल्या. "जंतू असतील तर उपचार वेगळे, दुसरं काही असेल तर वेगळे. वेळ नाहीये आपल्याकडे."

दादानं बाटली काढून टेबलावर ठेवली, भिंगांच्या डब्यांच्या शेजारी.

बाईंनी नाव वाचलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर दादानं त्यांचे पाय धरले असते. त्यांनी नुसते डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. "ह्यानं दुखणं थांबतं, जखम नाही थांबत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उलट ह्यानं जखम भरूनच येत नाही. तुमचे डोळे चांगले असतात, एखाद्या वेळी टाकून झोपलात तर निभावून जातं, तेसुद्धा धोक्याचंच. ह्यांच्या डोळ्यांत पाणी नाही. दुखत होतं म्हणून ते डोळे मिटून घेत होते, तेवढाच त्यांचा बचाव होता."

गुण्याची बायको बाटलीकडे बघत होती. मग तिनं दादाकडे बघितलं, आणि मग पुन्हा बाटलीकडेच.

भिंगं बसवली नाहीत. विरघळत्या बुबुळावर ती बसवता येत नाहीत. बाईंनी डब्या मिटून कपाटात ठेवल्या.

पुढचं लवकर सांगून टाकतो. उजव्या डोळ्याला भोक पडलं. दुसऱ्या कुणाचं बुबुळ आणून शिवलं, पण ते टिकवायला ओलावा लागतो, तो आणायचा कुठून? महिन्याभरात तेही वितळलं आणि तो डोळा मिटूनच टाकावा लागला. डाव्यावर पांढरा पडदा धरला. त्या डोळ्याला उजेड कळतो, समोर कुणी हात हलवला तर हलल्याचं कळतं. बाई म्हणाल्या, ह्यापेक्षा जास्त मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. कॅन्सर मात्र कुठे नव्हता. प्रत्येक तपासणीत गुण्याचं रक्त अगदी ठणठणीत निघत होतं.

दवाखान्यातून त्याला घरी आणलं त्या दिवशी दादा दारात उभा राहिला, आत यावं की नाही ते कळेना. गुण्याची बायको त्याच्याजवळ आली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"दादा, तुम्ही ह्यांचा जीव वाचवलात," ती म्हणाली. "म्हणून मी काही बोलत नाही."

त्यापेक्षा तिनं कानाखाली मारली असती तर परवडलं असतं.

दादानं गुण्याकडूनही शिव्या मागून बघितल्या. शेजारी बसायचा आणि म्हणायचा, "बोल काहीतरी. घाल शिव्या." गुण्या म्हणायचा, "ते खातं तुझं आहे, मला जमत नाही." कधी म्हणायचा, "बाटली मीच खिशात घातली होती ना, मी काय कुकुलं बाळ होतो?" आणि एकदा, बऱ्याच वेळानं, म्हणाला, "ते आठवडे बरे गेले दादा. तेवढे दिसले तरी." त्यानं हे दादाला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं. दादा उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

वर्कशॉप चालू होतं, चालवायलाच हवं होतं. आता दादा साधी फाटकं करायचा, उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या. जमिनीवर जुन्या खडूच्या रेषा अजून होत्या. झाडाच्या एका फांदीचा वळसा राहिला होता, त्यावर दादा कुणाला पाय देऊ देत नसे. ड्रॉवरमधल्या बाटल्या त्यानं बाईंकडून परतला त्याच दिवशी ठेचून टाकल्या होत्या.

एका सकाळी, अजून कुणी कामावर आलं नव्हतं, तेव्हा त्यानं दोन पट्ट्या समोर घेतल्या, वेल्डिंगचा रॉड होल्डरला लावला आणि मुखवटा उचलून मागे टेबलावर ठेवला. मग रॉड टेकवला. झोत पेटला. दादा त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघत राहिला. हात स्थिर होता. रॉड संपला तेव्हा त्यानं दुसरा लावला.

दिवसभर त्यानं काम केलं. संध्याकाळी जेवायला बसला आणि त्याला ताट दिसेना. वाळू आली. आधी थोडी, मग मुठीमुठीनं. डोळ्यांतून धारा लागल्या. बायको धावली, "अहो, काय झालं? डॉक्टरांकडे चला." दादा तिच्यावर खेकसला, खोलीत गेला आणि दिवा मालवून पलंगावर पडला. दुखत होतं, आणि त्याला तेच हवं होतं. हेच, असंच, गुण्याला महिनोनमहिने होत होतं. हेच मी बंद करायला गेलो.

खोलीचं दार वाजलं. भिंतीवरून हात घासत कुणीतरी येत होतं. गुण्या. पलंगाची कड सापडेपर्यंत तो चाचपडला आणि मग बसला. त्यानं हात पुढे केला, तो आधी दादाच्या कानाला लागला, मग गालाला. गाल चिंब होता. बोटं तिथंच थांबली.

"केवढं पाणी आहे रे तुझ्या डोळ्यांत," गुण्या म्हणाला. आवाजात हेवा नव्हता, नुसतं नवल होतं. "एवढं सगळं दिलंस मला. हे तेवढं द्यायचं राहिलं."

दादानं तोंड बाजूला वळवलं.

"वहिनी म्हणाली वेल्डिंग लागलंय. मुद्दाम केलंस."

"हात चुकला."

"तुझी रेष चुकते, दादा. हात कधी चुकत नाही."

गुण्या उठला. भिंत धरत स्वयंपाकघरात गेला, फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात छोटी, गार बाटली होती. त्याच्या रक्ताच्या निवळीचे थेंब. उरल्या डोळ्यासाठी ते अजून चालू होते.

"वर बघ," तो म्हणाला.

"नको. ते तुझ्यासाठी आहे. वाया घालवू नकोस."

"तुझंच आहे हे. तुझ्याच रक्तातलं. वर बघ म्हणतो ना!"

आयुष्यात पहिल्यांदा गुण्या भावावर ओरडला होता. दादानं मान वर केली. गुण्याच्या बोटांनी कपाळ शोधलं, भुवई शोधली, पापणी हलकेच वर उचलली. खडू धरणारी ती बोटं अजून तशीच होती, नेमकी. थेंब बरोबर डोळ्यात पडला. मग दुसऱ्यात.

"राहू दे रे," दादा म्हणाला. "मला दुखू दे. मला असू दे हे."

गुण्यानं बाटलीचं झाकण लावलं. "ते नाही राहणार तुझ्याकडे," तो म्हणाला. "तुझं सकाळी जातं."

तो तिथेच खुर्चीत बसून राहिला. दादा कण्हत होता, मग कधीतरी कण्हणं थांबलं आणि त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. दादानं भीत भीत डोळे उघडले. समोरची भिंत दिसली, भिंतीचा रंग उडालेला तुकडा दिसला, खिडकीच्या जाळीतला एकेक वळसा दिसला, गुण्यानंच काढलेला. खुर्चीत गुण्या तसाच बसला होता, तोंड खिडकीकडे करून, त्याचा पांढरा डोळा उजेडाकडे उघडा होता. दादा जागा झाल्याचं त्याला पलंगाच्या आवाजावरून कळलं.

"गेली का वाळू?" त्यानं विचारलं.

नाही म्हणावं, असं दादाच्या फार मनात आलं. पण आता त्याच्याशी खोटं बोलवेना.

"गेली," दादा म्हणाला.